अर्धे पांघरूण

(वाचनासाठी: निर्गम 36:8-18 व 2 करिंथ 8:8-15)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी पेटी किंवा पिशवी अशी असतेच की, पाहुणे आले म्हणजे ती पलंगाखाली सरकवली जाते. तिच्यात एकच बाही झालेला स्वेटर असतो, किनार राहिलेला टेबलक्लॉथ असतो, नातवासाठी आरंभिलेले आणि नातू शाळेत जाऊ लागला तरी न संपलेले टोपडे असते. आमच्याही घरी अशी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यातील एका क्रोशाच्या पांघरुणाची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यात आमचे भूषण काहीच नाही. परंतु आमची चूक वाचून कोणी आजच आपली पेटी उघडली, तर ती सांगितल्याचे सार्थक होईल.

बेळगावच्या आमच्या मंडळीत एक वृद्ध भगिनी होत्या. जन्मभर परिचारिकेचे काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत. आम्ही दहा वर्षांचे असताना क्रोशाची सुई आमच्या हाती प्रथम त्यांनीच दिली. साखळी कशी घालावी, खांब कसा उचलावा, मुका खांब कोठे घालावा हे सर्व त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही शिकलो. पुढे त्यांची दृष्टी मंदावली आणि त्यांच्या हातची सुई सुटली. घर जुने, कौलारू. बेळगावचा पावसाळा संपतो न संपतो तोच थंडी येते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारवा कौलांतून थेट अंथरुणावर उतरतो. 2017 च्या नोव्हेंबरात आम्ही त्यांना म्हणालो, “मावशी, यंदा तुम्हांला आमच्या हातचं पांघरूण.” त्या हसून म्हणाल्या, “कर गं पोरी. पण घाईनं करू नकोस.”

घाई न करण्याची ती आज्ञा आम्ही फारच मनावर घेतली.

काम आरंभी जोरात चालले. सहा इंची चौकोन, प्रत्येकात तीन रंग. रुंदीला आठ आणि लांबीला अकरा, म्हणजे एकूण 88 चौकोन. सगळे जोडले की चार फूट रुंद व साडेपाच फूट लांब पांघरूण होते. चौकोन करण्यात मोठी मौज असते. अर्ध्या-पाऊण तासात एक होतो, तो पिशवीत घालून बसमध्ये नेता येतो, भगिनी मंडळाच्या सभेत बसल्या बसल्या विणता येतो. दर वेळी नवा रंग, दर वेळी कोणीतरी “किती सुरेख!” म्हणणार. 2018 च्या मार्चअखेर 88 चौकोन तयार झाले, आणि काम तेथेच थांबले.

का थांबले? ज्यांनी असे पांघरूण केले आहे त्या भगिनींना सांगावयास नको. चौकोनात रंग बदलला की जुन्या लोकरीचे एक टोक सुटे राहते आणि नवीचे एक. तीन रंगांची सहा टोके. 88 चौकोनांची 528 टोके. ती एकेक बोथट सुईत ओवून, विणीच्या आतून फिरवून लपवावी लागतात. त्यानंतर जोडणी. आठ बाय अकरा चौकोन जोडावयाचे म्हणजे आडवे-उभे मिळून 157 जोड. त्यानंतर चहूकडून किनार. या कामात नवा रंग नाही, नवे फूल नाही. ते पाहून कोणी “किती सुरेख” म्हणत नाही. उलट ते चांगले झाले तर दिसतच नाही. म्हणून आम्ही ते चौकोन एका जुन्या चादरीत बांधले, डांबरगोळ्या टाकल्या आणि पेटी बंद केली.

दर नाताळाला मावशी विचारीत, “काय गं, कुठवर आलं?” आम्ही म्हणत असू, “झालंच मावशी, थोडंच राहिलंय.” चौकोन मोजले तर ते खरे होते. परंतु 88 चौकोन म्हणजे पांघरूण नव्हे. पेटीतल्या चौकोनांनी कोणाचे पाय ऊबदार होत नाहीत. असे पाच हिवाळे गेले. त्यात 2020 ची टाळेबंदीही आली. त्या वर्षी तर वेळ नाही असे म्हणण्याची सोयदेखील उरली नव्हती. तरी पेटी उघडली नाही.

2023 च्या ऑक्टोबरात मावशी न्हाणीघरात पडल्या. कमरेचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. आम्ही संध्याकाळी भेटीस गेलो. अंगात स्वेटर होता, वर चादर होती आणि पायांवर दुहेरी केलेला पंचा. त्यांनी मुलाबाळांची चौकशी केली, शब्बाथशाळेत किती मुले येतात ते विचारले. पांघरुणाविषयी विचारले नाही. इतक्या वर्षांत प्रथमच विचारले नाही. घरी पोहोचेपर्यंत आम्हांला तेच एक ऐकू येत होते.

त्या रात्री पेटी उघडली. टाळलेले काम जसेच्या तसे वाट पाहत बसत नाही, हा पहिला धडा पेटीतच मिळाला. चौकोनांना कोंदट वास येत होता, तो धुऊन गेला. पण जमिनीवर मांडून पाहिले तर आरंभीचे चौकोन सैल हाताचे व मोठे, नंतरचे घट्ट हाताचे व लहान, कडा जुळेनात. जोडणीसाठी लागणारी पांढरट लोकर संपली होती. बाजारातून तीच कंपनी, तोच क्रमांक पाहून आणली, तरी छटा वेगळी. लोकर एका वेळी एका घाण्यात रंगवतात. त्या खेपेचा क्रमांक वेष्टनावर छापलेला असतो, आणि खेप बदलली की रंगात किंचित फरक पडतो. म्हणून जाणत्या भगिनी सगळी लोकर आधी हिशेब करून एकाच खेपेची घेतात. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे आपल्या प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले ते उगीच नव्हे. आमच्या पांघरुणाची किनार शेवटपर्यंत थोडी पिवळसरच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौकोन घेऊन मावशींच्याच खाटेजवळ बसू लागलो. रोज तास-दीड तास. त्यांना नीट दिसत नव्हते, पण बोटांना सगळे कळे. एका चौकोनावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, “इथं एक खांब कमी आहे.” आम्ही उसवू लागलो, तशा म्हणाल्या, “राहू दे. त्यानं ऊब कमी होत नाही.” मात्र टोकांच्या बाबतीत त्यांनी मुळीच सूट दिली नाही. “टोक तीनदा फिरव. एकदा इकडून, एकदा उलट, पुन्हा एकदा इकडून. आज दिसत नाही म्हणून आखूड कापशील, आणि पहिल्या धुण्यात सगळं बाहेर येईल.” आम्ही सुईत लोकर ओवून त्यांच्या हाती देत असू आणि त्यांनीही पडल्या पडल्या काही टोके आत घेतली. इतरांपेक्षा ती अधिक नीट होती.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, 3 डिसेंबर 2023 रोजी, किनार संपली. लोकर कापून शेवटच्या फासातून टोक बाहेर काढले आणि मावशींच्या बोटांत दिले. त्यांनी ते ओढून घट्ट केले. त्या रात्रीपासून त्या त्याच पांघरुणाखाली निजल्या. 22 डिसेंबरच्या पहाटे प्रभूने त्यांना बोलावून घेतले.

एकोणीस रात्री. पाच हिवाळे पेटीत, सहा आठवड्यांचे काम, आणि एकोणीस रात्रींची ऊब. हा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडून पाहिला आहे. तो कोणत्याही रीतीने मांडला तरी आमच्या बाजूने येत नाही.

आता वचनाकडे वळू. करिंथ येथील मंडळीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करावी अशी इच्छा त्यांनी उत्साहाने दाखवली आणि कामास आरंभही केला. एक वर्ष लोटले. त्यांच्या उत्सुकतेची वार्ता मासेदोनियापर्यंत पोहोचली होती, पण पिशवी अजून भरलेली नव्हती. तेव्हा प्रेषित पौल दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्यांना सल्ला देतो. इच्छा करण्यात जशी तत्परता होती तशी ती सिद्धीस नेण्यातही असावी, असा त्याचा भाव आहे. लक्षात घ्या, पौल त्यांच्या इच्छेला खोटे म्हणत नाही. आमचीही इच्छा खोटी नव्हती. परंतु यरुशलेमेतील विधवेला करिंथकरांच्या इच्छेची भाकर करता येत नव्हती. आणि त्याच ठिकाणी तो एक दिलासाही देतो: जे आपल्यापाशी आहे त्यातून द्यावे, नाही त्यातून नव्हे. पिवळसर किनार चालेल. एक खांब कमी असलेला चौकोन चालेल. पुढे रोमकरांस लिहिताना, पंधराव्या अध्यायात, मासेदोनियाबरोबर अखया प्रांतानेही ही वर्गणी दिल्याचे पौल सांगतो. आणि करिंथ हे अखयातीलच मोठे शहर. म्हणजे ते काम अखेर पुरे झाले. उशिरा का होईना, पण झाले.

दुसरी गोष्ट जोडणीची. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायातील पडद्यांची मापे आपण शब्बाथशाळेत बहुधा वाचून सोडून देतो. पण हातकाम करणाऱ्याने ती थांबून वाचावीत. दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब व चार हात रुंद. ते कसबी कारागिरांनी सुंदर विणले. पण शास्त्र तेथे थांबत नाही. पाच पडदे एकत्र व पाच पडदे एकत्र जोडले. मग कडेला निळ्या सुताची पन्नास बिरडी केली, सोन्याचे पन्नास आकडे केले आणि दोन्ही भाग असे अडकवले की सगळ्यांचा मिळून एकच निवासमंडप झाला. विणलेल्या पडद्यांचे दहा ढीग ही देवाची वस्ती नव्हती. बिरडी व आकडे आले तेव्हा ती वस्ती झाली. ‘क्रोशा’ हा शब्ददेखील फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ लहान आकडा असाच आहे. एक आकडा, एक फास, आणि त्यांनी जुळलेले पुष्कळ.

जोडणे हे वेगळे कसब आहे, हे ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांना चांगले ठाऊक असते. आपल्या नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, तेथे आंध्रात नरसापूर नावाचे गाव आहे. त्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांकडून हे काम स्त्रिया शिकल्या. तेथे फुले विणणाऱ्या स्त्रिया वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या, अशी कामाची वाटणी झाली. मारिया मीस या जर्मन विदुषीने 1982 साली त्या स्त्रियांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. दूरदेशीच्या बाजारासाठी दिवसभर राबणाऱ्या या बायांना, घरबसल्या फावल्या वेळात करतात असे समजून, किती थोडी मजुरी दिली जाई, हे तिने दाखवून दिले. 1845 पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमधील पुष्कळ कुटुंबांनाही क्रोशाने भाकर दिली. आपल्याला जो छंद आहे तो दुसऱ्या कोणाची चूल आहे. आपण पेटी बंद करून निजू शकतो. ती बाई अर्धे काम टाकून निजली तर तिला मजुरी मिळत नाही. हातविणीची वस्तू विकत घेताना घासाघीस करण्याआधी हे आठवावे.

जोडणीतला आणखी एक धडा. आमचे मोठे व लहान चौकोन जुळेनात तेव्हा काय केले? क्रोशाचा चौकोन कापून लहान करता येत नाही. कापला की उसवतो. म्हणून लहान चौकोनांना कडेने मुक्या खांबांची एक फेरी वाढवली आणि ते मोठ्यांच्या बरोबरीस आले. मंडळीतही सगळ्यांच्या हाताची ओढ सारखी नसते. कोणी सैल, कोणी घट्ट. कोणी पुढे गेलेला, कोणी मागे राहिलेला. आपण बहुधा मोठ्याला छाटून जमवू पाहतो. त्याने वीण सुटते. जो कमी पडतो त्याला प्रेमाची एक फेरी वाढवून द्यावी, म्हणजे कडा जुळतात.

तिसरी गोष्ट टोकांची. ख्रिस्ती सेवेचा मोठा भाग टोके आत घेण्याचा आहे. नाताळचा कार्यक्रम सर्वांना दिसतो. दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत पोहोचवणारा दिसत नाही. आजाऱ्याची पहिली भेट सगळे घेतात. तिसऱ्या महिन्यातील भेट कोणी घेत नाही. आम्ही मदत करू म्हटले, पत्र लिहू म्हटले, समेट करावयास येऊ म्हटले. ही सगळी सुटी टोके आहेत. ती आखूड कापून टाकली तर काही दिवस कळत नाही, आणि पहिल्या संकटाच्या धुण्यात सगळी बाहेर येतात. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती वस्त्रे पुरी झालेली होती, म्हणूनच ती दाखवता आली. आमच्या मृत्यूनंतर कोणी आमच्याविषयी काय दाखवील? अंगावरची वस्त्रे, की पलंगाखालची पेटी?

येथे कोणी म्हणेल, “पण ज्यांच्या हातून आता पुरे होणेच शक्य नाही त्यांचे काय?” हा प्रश्न योग्य आहे. कोणाची दृष्टी गेली, कोणाचे हात कापतात, कोणी सुई तशीच ठेवून प्रभूकडे गेले. 2022 साली अमेरिकेत विणकाम करणाऱ्या दोन मैत्रिणींनी ‘लूज एंड्स’, म्हणजे सुटी टोके, या नावाने एक सेवा सुरू केली. मृत्यूमुळे किंवा आजारामुळे ज्यांचे हातकाम अपुरे राहिले, त्यांचे काम दुसऱ्या गावचा कोणी अनोळखी माणूस मोबदला न घेता पुरे करतो आणि त्यांच्या घरी परत देतो. देशोदेशीचे हजारो लोक त्यात सामील झाले आहेत. दाविदाने मंदिरासाठी साहित्य जमवले आणि शलमोनाने ते मंदिर पुरे केले. यात दाविदाला कमीपणा आला नाही. जे आपल्याने होत नाही ते पेटीत कुजवण्यापेक्षा दुसऱ्याच्या हाती द्यावे. आपल्या भगिनी मंडळांनी वर्षातून एक दिवस असा ठेवावा की, प्रत्येकीने आपले अर्धे काम आणावे. जिला जमेल तिने पुरे करावे, जिला जमणार नाही तिने मन मोकळे करून दुसरीला द्यावे. पुरी झालेली पांघरुणे कोठे द्यावयाची, हे मंडळीतल्या वृद्धांच्या खोल्यांत डोकावले म्हणजे आपोआप कळेल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक सोपा पाठ येथे देतो. मुलांसमोर क्रोशाची वीस टाक्यांची साखळी घाला. सुई काढून घ्या आणि एका मुलाला दोरा ओढू द्या. क्षणात सगळी साखळी उसवून हाती नुसता दोरा येईल. मग पुन्हा वीस टाके घाला. या वेळी दोरा कापून त्याचे टोक शेवटच्या फासातून बाहेर काढा आणि ओढा. आता कितीही ओढले तरी ती सुटत नाही. दोन सुयांच्या विणकामात सुईवरचे सगळे टाके एकदम मोकळे असतात. क्रोशात एकच फास मोकळा असतो, आणि सगळे काम त्या एका फासावर टिकून असते. मुलांना विचारा, तुम्ही आरंभ करून सोडलेले कोणते काम आहे? कोणाला दिलेला कोणता शब्द अजून मोकळा आहे? उत्तरे ऐका, घाईने उपदेश करू नका.

शेवटी एक सांगून हा लेख संपवतो. आमच्या मनाची टोचणी आम्ही मावशींपाशी बोलून दाखवली होती. “मावशी, पाच वर्षं उशीर केला.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पांघरुणावर हात ठेवून म्हणाल्या, “देवानं मला पंच्याऐंशी वर्षं विणलं, अजून टोकं बाहेरच आहेत. तो काही मला पेटीत टाकून गेला नाही.” फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पौलाचा जो भरवसा आहे, तो हाच. ज्याने आपल्यामध्ये चांगले काम आरंभिले तो ते ख्रिस्ताच्या दिवसापर्यंत सिद्धीस नेईल. आपले तारण आपल्या पुऱ्या केलेल्या कामांवर अवलंबून नाही. तसे असते तर आम्ही कोठे उभे राहिलो असतो? पण जो देव आपल्याला अर्धे टाकत नाही, त्याच्या लेकरांनी दुसऱ्याचे पांघरूण अर्धे टाकावे हे शोभत नाही.

ते पांघरूण आता मावशींच्या उशाशी रात्री बसणाऱ्या बाईंच्या घरी आहे; तसे मावशींनीच सांगून ठेवले होते. दोन हिवाळे गेल्यावर आम्ही ते पाहिले. कित्येकदा धुतले गेले होते. एकही टोक बाहेर आले नव्हते.

हे दयाळू पित्या, आम्ही आरंभिलेले व विसरलेले तुला ठाऊक आहे. जे आमच्या हातून अजून होऊ शकते त्यासाठी आजच बळ दे, जे होऊ शकत नाही ते दुसऱ्याच्या हाती देण्याची नम्रता दे, आणि ज्यांना आमची ऊब उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाही, त्यांना तू आपल्या पंखांखाली घे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.